तरंगते टर्मिनल आणि कोरडवाहू जिल्हा

बुलढाणा जिल्ह्याचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. अजिंठ्याच्या रांगा, पूर्णेचे खोरे, पैनगंगेचा उगम आणि कपाशी, सोयाबीन, तूर यांची कोरडवाहू शेती हे या जिल्ह्याचे रूप आहे. तरीही कोकणच्या किनाऱ्यावर एखादे जहाज परदेशी वायू घेऊन नांगर टाकणार की नाही, हा प्रश्न या जिल्ह्यातील शेतकऱ्याचाही आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि त्याच्या लगतच मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनीचा मार्ग आखला गेला. ज्यांच्या जमिनी या कामासाठी गेल्या, त्यांना वाहिनीतून काय वाहणार, ते कोठून येणार आणि त्याची किंमत कोण भरणार, हे विचारण्याचा अधिकार आहे. पण त्यांच्याच जोडीला, ज्याच्या शेतातून वाहिनी गेलेली नाही परंतु ज्याच्या विहिरीवर विजेची मोटार आहे, त्या शेतकऱ्यालाही हा प्रश्न विचारावा लागणार आहे. कारण महागड्या विजेचे बिल शेवटी एका महावितरणवर पडते आणि महावितरण सबंध राज्याचे आहे.

प्रथम ही योजना काय आहे हे समजून घेऊ. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की तो द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. म्हणून तो जहाजातून दूर नेता येतो. उतरवून घेणाऱ्या देशात त्याला पुन्हा ऊब देऊन वायुरूप करावे लागते. हे काम पूर्वी किनाऱ्यावर प्रचंड टाक्या बांधून केले जाई. त्याऐवजी साठवण आणि पुनर्वायूकरणाची यंत्रणा एका जहाजावरच बसविली आणि ते जहाज धक्क्याला कायमचे बांधून ठेवले, की झाले तरंगते टर्मिनल. जहाज भाड्याने मिळते, टाक्यांच्या बांधकामाची वर्षे वाचतात आणि किनाऱ्यावर जमीन थोडी लागते. २०२२ साली रशियाकडून येणारा वायू आटला तेव्हा जर्मनीने विल्हेल्म्सहाफेन येथे अशीच व्यवस्था वर्षभराच्या आत उभी केली, हे खरे आहे.

या योजनेची बाजू

विरोध करावयाचा तर प्रतिपक्षाची बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडली पाहिजे. वायूपासून वीज करताना राख निघत नाही. पारसच्या औष्णिक केंद्राच्या परिसरातील लोकांना राखेचे मोल कोणी समजावून सांगावयास नको. त्याच युनिटमागे कोळशाच्या तुलनेत कर्बवायू सुमारे निम्माच हवेत जातो. अर्थात वाटेत होणाऱ्या मिथेनच्या गळतीचा हिशोब त्यात धरला तर हा फायदा घटतो. वायूची संयंत्रे काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत चालू-बंद करता येतात, म्हणून सूर्य मावळल्यावर एकदम वाढणारी मागणी भागविण्यास ती उपयोगी पडतात. शिवाय दाभोळचे वीजकेंद्र उभेच आहे. तेथे गुंतवलेला जनतेचा पैसा वाया का घालवावयाचा, असाही प्रश्न केला जातो. हे मुद्दे पोकळ नाहीत. त्यांना 'परदेशी' एवढा एकच शब्द उत्तर म्हणून पुरणार नाही.

परंतु विजेच्या योजनेत यंत्र कसे चालते याइतकाच करार कसा लिहिला जातो हा प्रश्न महत्त्वाचा असतो. महाराष्ट्राला हा धडा एकदा फार महाग पडला आहे.

दाभोळचा धडा

जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी राज्य वीज मंडळाने प्राथमिक करार केला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या व्यवहार्य नाही, असे जागतिक बँकेने त्याच वर्षी कळविले होते. बँकेवर समाजवादाचा आरोप कोणी करू शकणार नाही! वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यावयाचाच, देणे डॉलरशी जोडलेले, त्याला राज्य सरकारची हमी आणि त्या हमीला केंद्राची प्रतिहमी, असे या कराराचे स्वरूप होते. जोखीम जेवढी म्हणून कल्पिता येईल तेवढी वीज मंडळाच्या माथ्यावर आणि नफ्याची निश्चिती कंपनीच्या पदरात. कराराचा तपशील जनतेपासून गुप्त ठेवण्यात आला होता.

ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने करार मोडला आणि काही महिन्यांतच, अधिक मोठ्या प्रकल्पासह, पुन्हा जोडला. मृणालताई गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी राज्यभर आवाज उठविला. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांतील लोकांनी सत्याग्रह केले. १९९७ साली वेलदूरच्या कोळी स्त्रियांनाही पोलिसी बळाचा अनुभव घ्यावा लागला. गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांच्यासारख्या अभ्यासकांनी आकडे मांडून हा करार मंडळाला कसा बुडवील हे दाखविले. त्यांना विकासविरोधी म्हणण्यात आले. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वायू येईपर्यंत इंधन म्हणून नाफ्था वापरला जात होता. खनिज तेलाचे भाव चढले, रुपया घसरला, आणि २००० साली काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटमागे सात रुपयांच्या आसपास पडू लागली. २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या सर्व व्यवहारातील निर्णयप्रक्रियेवर कठोर ठपका ठेवला.

यानंतरचा भाग आमच्या जिल्ह्याने भोगला. २००५ पासून पुढे काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन होते. त्या काळात आरंभी दाभोळचे सुमारे दोन हजार मेगावॅट क्षमतेचे केंद्र किनाऱ्यावर थंड पडले होते. मुले कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत, गिरण्या लाइटची वाट पाहत थांबत, कपाशीला पाण्याची पाळी चुकत होती. कारण वीज निर्माण करण्याची क्षमता नव्हती असे नाही. ती परवडेल अशा किमतीला मिळेल याची व्यवस्था नव्हती.

जुलै २००५ मध्ये केंद्राच्या मालकीच्या एनटीपीसी आणि गेल या कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे केंद्र पुन्हा चालू झाले. ही गोष्ट स्वागतार्ह होती. पण मालकी बदलली तरी इंधनाचा प्रश्न सुटला नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन अपेक्षेच्या कितीतरी खाली आले आणि २०१३ च्या अखेरीस हे केंद्र पुन्हा थांबले. पुढे २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्याच्या व्यवस्थेने त्याचा काही भाग चालू झाला. दाभोळच्या किनाऱ्यावरील द्रवरूप वायूचे टर्मिनल २०१३ च्या जानेवारीत कार्यान्वित झाले, पण लाटा अडविणारी भिंत पुरी नसल्याने पुढची अनेक वर्षे ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. कोकणचा पावसाळा काही अनपेक्षित संकट नव्हे!

जयगडचे जहाज

दाभोळच्या दक्षिणेस जयगड आहे. तेथील खाजगी बंदरात एच-एनर्जी या कंपनीने तरंगते टर्मिनल उभारण्याचे ठरविले. एप्रिल २०२१ मध्ये 'होएग जायंट' हे १ लाख ७० हजार घनमीटर साठवणक्षमतेचे जहाज तेथे येऊन दाखल झाले. देशातील असे हे पहिले टर्मिनल ठरणार, अशी जाहिरात झाली. जयगड ते दाभोळ अशी सुमारे ६० किलोमीटरची वाहिनी टाकून वायू राष्ट्रीय जाळ्यात सोडण्याचा बेत होता. जहाज आले, परंतु व्यापारी पुरवठा सुरू झाला नाही. ते जहाज पुढे ब्राझीलमधील सांतोस बंदराच्या टर्मिनलसाठी गेले. गुजरातमध्ये जाफराबाद येथील तशाच प्रकल्पाचे मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने नुकसान केले.

जयगडच्या या अनुभवातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की ही जोखीम खाजगी कंपनीने घेतली होती, म्हणून जहाज परत गेल्याचा भुर्दंड वीजग्राहकावर पडला नाही. महावितरणने त्या वायूच्या विजेसाठी वीस वर्षांचा 'घ्या किंवा न घ्या, पैसे द्या' असा करार करून ठेवला असता, तर आज आपण रिकाम्या धक्क्याचे भाडे भरीत बसलो असतो. दुसरा निष्कर्ष असा की 'जहाज केव्हाही येऊ शकते' हा जो या योजनेचा गुण म्हणून सांगितला जातो, त्याची दुसरी बाजू 'जहाज केव्हाही जाऊ शकते' ही आहे. जेथे अधिक भाव मिळेल तेथे जाणे हा त्या जहाजाचा धर्मच आहे.

एका डॉलरची किंमत

आता हिशोब पाहू. जगाच्या बाजारात वायू दहा लक्ष ब्रिटिश औष्णिक एककांच्या मापाने, डॉलरमध्ये विकला जातो. चांगल्या संयंत्रात एवढ्या वायूपासून सुमारे १३५ युनिट वीज तयार होते. वीजकेंद्राच्या दारात वायू १२ डॉलरला पडला आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर नुसत्या इंधनाचा खर्च युनिटमागे साडेसात रुपये येतो. यंत्रांचा स्थिर आकार, पारेषण आणि गळती वेगळीच. भाव एका डॉलरने वाढला की युनिटमागे ६० पैशांहून अधिक वाढ होते. १९९३ साली करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, हेही येथे आठवावे. अर्थात वायूचा भाव जागच्या जागी राहिला तरी रुपया घसरल्याने वीज महाग होतच राहते.

आणि भाव जागच्या जागी राहत नाही. २०२० च्या वसंतात आशियाई बाजारात हा वायू दोन डॉलरच्याही खाली मिळत होता. मार्च २०२२ मध्ये त्याच बाजाराने ८० डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या वर्षी युरोपने चढ्या भावाने जहाजे आपल्याकडे वळविली. पाकिस्तानला ठरलेला माल मिळेना, बांगलादेशाने तत्काळ खरेदी थांबविली आणि दोन्ही देशांत अंधाराचे तास वाढले. बांगलादेशाची दोन तरंगती टर्मिनले महेशखालीच्या किनाऱ्यावर होती. यंत्रसामग्रीची उणीव नव्हती, उणीव होती परकीय चलनाची. पुढे वादळांतही ही टर्मिनले बंद ठेवावी लागली. आपल्याकडेही त्याच २०२२ साली गेल या सरकारी कंपनीला दीर्घ मुदतीच्या कराराने ठरलेली काही जहाजे पुरवठादाराने दिली नाहीत. म्हणजे करार असला तरी माल येईलच असे नाही. पैसे मात्र आपण द्यावेतच, अशी कलमे लिहून घेतली जातात.

सबंध देशाचा अनुभव याहून निराळा नाही. वायूवर चालणारी सुमारे २५ हजार मेगावॅटची क्षमता देशात उभारली गेली. २०१९ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीपुढे आलेल्या माहितीनुसार त्यांपैकी ३१ केंद्रे, १४,३०५ मेगावॅट क्षमतेची, अडचणीत होती. त्यांतील कर्ज बहुतांशी सार्वजनिक बँकांचे, म्हणजे ठेवीदारांचे. अशा स्थितीत वायू आणण्यासाठी नवा धक्का बांधणे म्हणजे जेवण परवडत नाही म्हणून स्वयंपाकघर वाढविणे होय.

याच वायूवर आणखी एक हक्कदार आहे, तो म्हणजे युरिया. थळच्या आणि ट्रॉम्बेच्या खतकारखान्यांना कच्चा माल म्हणून नैसर्गिक वायूच लागतो. खरिपाच्या तोंडावर युरियासाठी खताच्या दुकानांसमोर लागणाऱ्या रांगा आमच्या जिल्ह्याला नव्या नाहीत. विजेला पर्याय अनेक आहेत; खताच्या कारखान्याला आज तरी नाहीत. महाग वायू जाळून वीज करणे आणि त्याच वायूवाचून खत महाग होऊ देणे, हा व्यवहार कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिताचा कसा म्हणावा?

आमची गरज काय आहे?

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याची विजेविषयीची मागणी फार साधी आहे. त्याला दिवसा, पुऱ्या दाबाने, ठरल्या वेळी थ्री फेज लाइट हवी. वर्षानुवर्षे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळी लावून शेतीला वीज देण्यात आली. हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्यासाठी माघातल्या थंडीत मध्यरात्री बांधावर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. साप, रानडुकरे, डोंगराकडेच्या गावांत बिबट्या आणि अस्वल. त्यात डीपी जळाला तर तो बदलून मिळेपर्यंत पीक वाळते. खडकपूर्णा आणि पेनटाकळीच्या लाभक्षेत्रात काय किंवा नळगंगेच्या खाली काय, धरणात पाणी असूनही विजेअभावी ते रानात पोहोचत नाही असे प्रसंग येतात. आणि जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुऱ्याकडील खारपाण पट्ट्यात तर भूगर्भातील पाणीच खारे. तेथे केवळ विजेने प्रश्न सुटत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

रात्रपाळी लावली जाते याचे कारण असे की रात्री मागणी कमी असते आणि कोळशाची केंद्रे थांबविता येत नाहीत. उरलेली वीज शेताकडे ढकलली जाते. म्हणजे व्यवस्था शेतकऱ्यासाठी नसून शेतकरी व्यवस्थेसाठी जागतो! हा क्रम उलटा करण्याचे साधन आज उपलब्ध आहे. पंपाला पाणी ओढण्यासाठी दिवसाच वीज हवी आणि सूर्य दिवसाच तळपतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. तीत मिळणाऱ्या विजेचा दर युनिटमागे ३ रुपयांच्या आसपास आहे. या विजेला डॉलर लागत नाही, जहाज लागत नाही, होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी लागत नाही.

सौर ऊर्जा म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा, असे मात्र कोणी समजू नये. गायरान जमिनी कोणाच्या ताब्यात जातात, भूमिहीनांच्या चराईचे काय, ठेकेदाराने पॅनेल बसवून पाठ फिरविल्यावर दुरुस्ती कोणी करावयाची, संध्याकाळच्या मागणीसाठी साठवणूक कोठून आणावयाची, हे प्रश्न उभे आहेत. त्यांची उत्तरे ग्रामसभांत आणि नियामक आयोगापुढे मागितली पाहिजेत. पण हे प्रश्न आपल्या आवाक्यातील आहेत. कतारमध्ये किंवा टेक्साससारख्या ठिकाणी ठरणाऱ्या वायूच्या भावावर आपल्या जिल्हा परिषदेचाच काय, राज्य विधिमंडळाचाही काही अंमल चालत नाही.

कोणी म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना बळीराजा योजनेत वीज मोफत आहे. मग महागाईची चिंता शेतकऱ्याने का करावी? याचे उत्तर असे की मोफत विजेचेही बिल असते आणि ते राज्याच्या तिजोरीतून महावितरणला भरावे लागते. वीज जितकी महाग तितका तिजोरीवरचा भार मोठा, आणि तिजोरी आटली की पहिली कात्री अर्धवट पडलेल्या सिंचनप्रकल्पांना, ग्रामीण रुग्णालयांना आणि शाळांना लागते. जिगावच्या धरणाची किती वर्षे वाट पाहिली याचा अनुभव पूर्णाकाठच्या गावांना आहे.

चार मागण्या

या विवेचनातून निघणाऱ्या मागण्या अशा. एक: आयात वायूवर आधारलेल्या विजेसाठी महावितरणने किंवा राज्य सरकारने न उचललेल्या मालाचे पैसे देण्याची अथवा डॉलरशी जोडलेली कोणतीही दीर्घ मुदतीची हमी देऊ नये. दोन: असा प्रत्येक करार सही होण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध करावा आणि वीज नियामक आयोगाने त्यावर केवळ मुंबईत नव्हे, तर विदर्भात आणि कोकणातही जाहीर सुनावणी घ्यावी, ज्या किनाऱ्यावर टर्मिनल होणार तेथील मच्छीमारांचे म्हणणे प्रथम ऐकावे. तीन: दाभोळचे केंद्र आहे ते राखावे, परंतु संध्याकाळच्या टंचाईचे तास भागविण्यापुरते, आणि वायू स्वस्त असेल तेव्हाच ते चालवावे, त्यासाठी आज उभ्या असलेल्या टर्मिनलांपलीकडे सार्वजनिक पैशाने नवा धक्का बांधू नये. चार: प्रत्येक तालुक्यात किती कृषी फीडर दिवसा चालू आहेत, किती डीपी नादुरुस्त आहेत, याचे पत्रक दरमहा पंचायत समितीच्या फलकावर लावावे.

यांतील शेवटची मागणी किरकोळ वाटेल. पण ज्या शासनाला हजारो मैलांवरचा वायू उणे १६२ अंशांवर सांभाळून आणण्याची महत्त्वाकांक्षा आहे, त्याला मेहकर तालुक्यातील जळालेला डीपी आठवड्याच्या आत बदलता आला पाहिजे, एवढी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

१९९० च्या दशकात दाभोळला विरोध करणारे लोक विजेच्या विरोधात नव्हते. विजेच्या नावाखाली लिहिल्या जाणाऱ्या गुलामीच्या दस्तऐवजाच्या विरोधात होते. काळाने त्यांचे म्हणणे खरे ठरविले, पण त्याची किंमत मात्र अंधारात बसलेल्या खेड्यांनी दिली. तरंगते टर्मिनल आज ना उद्या नव्या नावाने पुन्हा दारात येईल. त्या वेळी किनाऱ्यावरील मच्छीमाराने आणि बुलढाण्याच्या कास्तकाराने एकत्र उभे राहून करार दाखवा म्हणून विचारले पाहिजे. हा प्रश्न सहीपूर्वी विचारला तरच त्याचा उपयोग आहे.